दोराचं रिकामं टोक

उंचीची भीती मला कधी वाटलीच नाही, हे वाक्य मी तरुणपणी इतक्या जणांना ऐकवलंय, की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कुणी विचारलेलं नसायचं, तरी मी सांगायची. लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला, मला बघायला आलेल्या मुलाच्या आत्याला सुद्धा. त्या आत्याबाई म्हणाल्या, "बरंय बाई, गच्चीवरचे पापड काढायला बरी पडशील." मी त्यावर हसले नव्हते. आता गुडघे गेले, पन्नाशी कधीच मागं पडली, आणि जिना उतरताना कठडा धरते, तेव्हा कुठं या प्रकरणाला हात घालायची हिंमत झाली. खरं सांगायचं तर हे प्रकरण मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा मी त्यात फार शहाणी दिसत होते.

भिंगारला आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये साध्या नोकरीला होते, वर्दीवाले नव्हेत. पण कॅम्पातला पहाटेचा बिगुल जणू त्यांच्यासाठीच वाजायचा. बिगुल झाला की स्टोव्हला पिन, मग पंपाचा आवाज, मग चहा. आई तोवर बाजरीच्या भाकरी थापायला बसलेली. त्या थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची आणि लसूण-मिरचीच्या खरड्यानं ठसका लागायचा. शनिवारी रात्री हुलग्याचे शेंगोळे, आणि रविवारी मी घरात नाही, हे ठरलेलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी कड्यांवर चढायला लागले होते. चोविशीत येईपर्यंत सह्याद्रीतले बरेच अवघड सुळके मी पुढं राहून, म्हणजे दोर आधी वर नेणारी म्हणून चढले होते. वडील चारचौघांत अभिमानानं सांगायचे. मी घराबाहेर पडले की आई जेवायची नाही, आणि दारातली माझी जुनी चप्पल उलटी पडलेली दिसली तरी दचकायची, हे मला धाकट्या बहिणीनं सांगितलं. मी म्हटलं, "आईला उगाच सवय लागलीय घाबरायची." असं बोलले मी. त्या वयात माझी जीभ फार सैल होती.

त्या हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूला एका संस्थेनं दोन आठवड्यांचं शिबिर ठेवलं होतं. चढणं शिकवायचं नव्हतं. ज्यांना चढता येतं, त्यांना नवख्या माणसांचा गट कसा न्यायचा हे शिकवायचं होतं. शेवटी पास झालात तर एक पत्र मिळायचं, आणि ते पत्र असलं तरच संस्था तुमच्या हाती लोक सोपवायची. मला ते पत्र हवं होतं, आणि ते मिळणारच याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्यात नगरचा विलास नावाचा एक उंच, चपळ मुलगा होता. त्यानं आणि मी एकमेकांकडं पाहूनच ठरवून टाकलं की बाकीचे किरकोळ आहेत.

शिकवणारे नाना तिथलेच, डोंगरातल्या एका पाड्यावरचे. पन्नाशीचे, काटकुळे, पायात कधी चप्पल नाही. आमची सोय त्यांच्याच घरी होती. कुडाच्या भिंती, अर्ध्या घरात गुरं, अर्ध्यात आम्ही. बाहेर भाताच्या पेंढ्याची उडवी आणि आढ्याला आमचे दोर वाळत टांगलेले. पहाटे धरणाकडून असा काही गारठा यायचा की दात वाजायचे, आणि कुडापलीकडं म्हशीचा उसासा ऐकू यायचा. नानांच्या बायकोला आम्ही सरूमावशी म्हणायचो. कोरा चहा, नागलीची भाकरी, सुकटाची चटणी, कधी वरईचा भात. माझ्या बाजरीवर वाढलेल्या तोंडाला नागली पहिले दोन दिवस मातीसारखी लागली, तिसऱ्या दिवशी मी चार मागितल्या.

पहिल्या दिवशी नानांनी आम्हाला कड्याकडं नेलंच नाही. चुलीपुढं बसवलं आणि म्हणाले, "आज समद्यांनी नागलीची भाकर थापायची. ही शिकवल." आम्हाला वाटलं चेष्टा आहे. विलासनं आयुष्यात परात धरली नव्हती. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं काम, बाजरीची भाकरी मी दहाव्या वर्षापासून थापतेय. पण नागलीची उकड काढावी लागते, तिला बाजरीचा हात चालत नाही. माझी भाकरी उचलताना मधोमध फाटली. दुसरी तव्यावर टाकताना घडी पडली. मावशी बसल्या जागेवरून म्हणत होती, "आगं सोप्पं हाय, काय न्हाई त्याच्यात, भिऊ नगं, टाक बिनधास्त." आणि तिचे हात आपले फटाफट चाललेले. तिसऱ्या भाकरीला माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला सोपं आहे हो!" तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "हां. ह्येच. नव्या मानसाला कड्याखाली उभं करून तुमी 'सोप्पं हाय' म्हनता ना, तवा त्याला आसंच वाटतंय." सगळे हसले, मीही हसले. हसून सोडून दिलं, हे त्याहून खरं.

दहाव्या दिवशी नवखी माणसं आली. पुणतांब्याच्या शेतकरी मंडळाचे आठ जण धरण बघायला म्हणून आले होते, संस्थेनं त्यांना तीन दिवस फुकट ठेवून घेतलं होतं. आम्हाला सरावाला माणसं हवी होती. गोदावरीकाठची सपाट रानातली माणसं, त्यांच्याकडं उंच म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. येताना पेरूंचं पोतं घेऊन आली, पाड्यावरची पोरंटोरं सगळी पेरू खात हिंडत होती. चार जण विलासच्या वाट्याला, चार माझ्या. माझ्यातला निवृत्ती चाळिशीचा, रुंद खांद्याचा, हाताचे पंजे फावड्याएवढे. ट्रॉलीत ऊस भरून भरून दंड असे झालेले की चढताना कमरेला बांधायचा हार्नेसचा पट्टा त्याच्यापुढं शाळेतल्या पोराच्या कंबरपट्ट्यासारखा दिसायचा. मला म्याडम म्हणायचा. "म्याडम, भ्या न्हाई वाटत आपल्याला. हिरीत उतरलोय मी, गाळ काढाया." मला तो फार आवडला. माझाच भाऊबंद वाटला.

पाड्यामागं एक पंधरा फुटांचा धोंडा होता, सरावाचा. धोंड्यावर मी बसायची, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक चढणाऱ्याच्या पट्ट्याला गाठीनं बांधलेलं. तो जसा वर येईल तसा मी दोर ओढून घ्यायचा. म्हणजे पाय सुटला तरी तो तिथंच लटकतो, पडत नाही. एवढंच आहे हे सगळं शास्त्र. नानांचा एक नियम होता. वर आलेल्या माणसानं दोर स्वतः सोडायचा नाही. त्यानं आधी येऊन पुढाऱ्याच्या, म्हणजे वर दोर धरून बसलेल्याच्या, मागं बसायचं, आणि पुढाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याची गाठ सोडायची. मग दोर खाली, मग पुढचा माणूस. याला वेळ लागतो. पलीकडच्या धोंड्यावर विलासचे लोक भराभरा चढत होते आणि तो मोठ्यानं मोजत होता, मला ऐकू जाईल असं. दुपारी नाना कुठंतरी गेले, तेव्हा मी माझ्या चौघांना सांगितलं, "वर पाय ठेवायला सपाट जागा आली की आपली आपणच गाठ सोडायची, टोक टाकून द्यायचं. पुढच्याचा वेळ वाचतो." धोंड्याचा माथा ओट्यासारखा सपाट होता, तिथून पडणार कोण? निवृत्तीला ते लगेच जमलं. वीस-पंचवीस वेळा तो चढला आणि दर वेळी सपाट पाय टेकला की गाठ सुटलेली. हात यंत्रासारखा चालायचा. संध्याकाळी आम्ही विलासच्या पुढं होतो. मी त्याला पेरू कापून दिला, वर तिखट-मीठ टाकून, जरा जळावा म्हणून.

आज नव्या शिकवणाऱ्या मुलामुलींना मी हे सांगते तेव्हा ती चेहरे असे करतात, की अशी चूक तर कुणी करणार नाही. नवखा खरंच करणार नाही, बाळांनो. नवखा नियम पाळतो, त्याला दुसरं काही येतच नाही. कुठला नियम कशासाठी हे आपल्याला कळलंय, असं ज्याला वाटतं, तोच नियम मोडतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. शंभरेक फुटांचा काळा कडा. साठ-पासष्ट फुटांवर एक कपार, दोन माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी, तीही बाहेरच्या बाजूला कललेली आणि वाळक्या गवतानं भरलेली. हिवाळ्यातलं हे गवत साबणासारखं असतं. कपारीच्या वर कडा पोटासारखा पुढं आलेला. त्यामुळं माथ्यावर बसलेल्या माणसाला खालची कपार दिसत नाही, फक्त दोर दिसतो, पोटावरून खाली गेलेला. मी सकाळी मागच्या वाटेनं माथ्यावर गेले, खडकात ठोकलेल्या दोन मेखांना स्वतःला बांधून बसले. खाली नाना आणि माझे चौघे. विलास पलीकडच्या कड्यावर. निघताना मी चौघांना सांगितलं होतं, "मध्ये एक कपार लागेल, तिथं पाय टेकून दम घ्या, मग पोटाला लागा." एवढंच सांगितलं. याहून काही सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिला निवृत्ती निघाला. दोर माझ्या हातात एका लयीत येत होता, दोन हात पसरावेत एवढा एकेक वाव. वाव, वाव, अर्धा वाव. छान चढत होता. वारा चांगलाच होता, खालचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. मग दोर थांबला. मी म्हटलं, कपारीवर पोचला, दम घेतोय. मनातल्या मनात हिशेब चालला होता, की आपले चौघं विलासच्या आधी होतात की नाही. तेवढ्यात दोर सैल झाला. मी ओढला, आला. परत ओढला, भराभर आला. वा रे गड्या, पोटावरून सुद्धा काय झपाट्यानं येतोय! मी दोन्ही हातांनी ओढत राहिले, खूश होऊन. आणि पोटाच्या कडेवरून दोराचं टोक वर आलं. नुसतं टोक. गाठीचा पीळ अजून त्यात तसाच होता.

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येत नाही. माणूस गेला, एवढं एकच कळलं. मी कान लावून आवाजाची वाट बघत होते, खाली काहीतरी आदळल्याचा. तो आवाज अजून कसा आला नाही, की येऊन गेला आणि वाऱ्यात कळला नाही? टोक माझ्या मांडीवर पडलं होतं आणि मी त्याच्याकडं बघत होते. मग मला लख्ख आठवलं, काल दुपारी मीच काय शिकवलं ते. सपाट जागा आली की गाठ सोडायची. त्यानं सोडली होती, खालून कुणी अडवायच्या आत. बरोबर केलं होतं त्यानं.

खालून नानांचा आवाज आला. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नाही. "निवृत्ती! खाली बस! बूड टेक आधी! पाठ भितीला लाव!" म्हणजे तो होता. कपारीवर उभा होता, साठ फुटांवर, ओल्या साबणावर उभं राहावं तसा, आणि त्याला आता कळलं होतं की आपल्याला दोर नाही. मी काय केलं असेल? घाईनं टोकाला पट्ट्यात अडकवायची कडी लावली आणि दोर तसाच खाली फेकून दिला. चोवीस वर्षांच्या, बारा-पंधरा सुळके चढलेल्या बाईनं हे केलं. पोट पुढं आलेलं, दोर सरळ हवेत लोंबणार, कपारीपासून दोन हात लांब, हे शेंबडं पोर सुद्धा सांगेल. खालून कुणाचा तरी एक आवाज आला, चिरका, आणि लगोलग नाना ओरडले, इतक्या जोरात की त्यांचा आवाज फाटला, "हात लावू नगं! निवृत्ती, हात मागं घे! घे मागं!" तो दोर धरायला वाकला होता. मला काहीच दिसत नव्हतं. मी फक्त ऐकत होते.

मग नानांनी मला हाक दिली, मोठ्यानं, पण घाई न करता, एकेक शब्द सुटा, "कुंदे. दोर बांध. तू खाली ये त्याच्याकडं. सावकाश ये."

मी दोर मेखांना पक्का केला, उतरायची कडी लावली. नेहमीच्या गाठीचा पहिला वेढा मला आठवेना. दहा वर्षांनी स्वतःचं नाव लिहायला बसावं आणि पहिलं अक्षर सुचू नये, तसं झालं. मी गाठ बांधली, सोडली, परत बांधली. कडी फिरवून बंद केली आणि ती बंद आहे का हे बोटानं चाचपलं, एकदा, दोनदा, चारदा. पोटाच्या कडेवर पाठमोरी उभी राहिले आणि मागं झुकायची वेळ आली, तेव्हा मी तिथंच थांबले. हजार वेळा केलेली गोष्ट. मी मोठ्यानं रडले, तिथं कुणी नव्हतं म्हणून. "आई गं" म्हटलं आणि झुकले.

पोटाखाली आले तर तो समोरच, दोन हातांवर. कपारीवर फतकल मारून बसला होता, पाठ कड्याला, दोन्ही मुठींत गवत. चेहरा राखेसारखा. मला बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हवेत लोंबकळत होते. झोका घेतला, पाय लागला नाही. दुसऱ्यांदा पाय कपारीच्या काठाला लागला आणि गवतावरून सटकन सुटला. मी मागं जाणार तोच निवृत्तीनं माझा पट्टा धरला. एका हातानं. मी दोराला होते, मला काही होणार नव्हतं. तो कशालाच नव्हता. आणि माझा झोका मागं जायला लागला, तसा तो बसल्या जागेवरून माझ्याबरोबर पुढं सरकायला लागला.

"सोडा मला!" मी किंचाळले.

"न्हाई म्याडम, पडताल तुमी!"

"मी दोराला आहे! तुम्ही नाही आहात! सोडा, निवृत्तीभाऊ, पाया पडते तुमच्या, सोडा!"

त्याची मूठ सुटेना. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की त्याला माझं म्हणणं कळतच नाहीये. त्याला एवढंच कळत होतं की बाई पडतेय. त्याचं बूड अजून वीतभर घसरलं, त्याच्या टाचा बाहेर आल्या. मी माझ्या हातानं त्याची बोटं उचकटली. नखं लावून, ओरबाडून. त्याचं एक बोट माझ्या पट्ट्यातून निघालं, मग दुसरं, आणि मी भेलकांडत मागं गेले आणि तो मागं कोसळून कड्याला डोकं आपटून बसला. तिसऱ्या झोक्याला मी कपारीतली एक भेग पकडली, गुडघा टेकवला, माझ्या खालच्या दोराला गाठ मारली आणि कडीनं त्याच्या पट्ट्याला अडकवली. ती कडी खट्‌ करून बंद झाली.

नानांनी विलासला हाक घालून दुसरा दोर माथ्यावर पाठवला होता. तो येईपर्यंत आम्ही दोघं त्या कपारीवर अर्धा तास खेटून बसलो. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, शेतांचे तुकडे, नानांच्या घराचा धूर. निवृत्तीच्या हातावर माझ्या नखांचे ओरखडे उठले होते, तो ते अंगठ्यानं पुसत होता. "म्याडम," तो म्हणाला, "माझं काय चुकलं? तुमी म्हनले हुते ना, सपाट आलं का सोडायचं?" अगदी साधं विचारत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, पुन्हा असं होऊ नये म्हणून असेल. आणि मी म्हटलं, "बघू नंतर. आता खाली बघू नका." मला आजही कपारीवरच्या त्या उघड्या साठ फुटांपेक्षा या उत्तराची जास्त लाज वाटते.

संध्याकाळी नानांच्या अंगणात सगळे जेवायला बसलो. नाना जेवायच्या आधी विचारायचे, आज कुणाचं काय चुकलं. रोजचा रिवाज होता तो, मोकळेपणानं सांगायचं आणि जेवायचं. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. मग निवृत्ती उभा राहिला. आंघोळ करून, टोपी घालून आलेला. म्हणाला, "माझी चूक हाय, नाना. म्याडमनी समदं नीट सांगितलं हुतं. माझ्याच डोक्यात शेन भरलं, मी मधीच दोर सोडला." लोक हसले, जीव भांड्यात पडल्यासारखे. त्याच्या गावचा एक जण म्हणाला, "आरं, तुझ्या डोक्यात शेन कुठं, तुझ्या डोक्यात मोकळी जागा हाय." आणखी हसले. निवृत्तीही हसत खाली बसला, आणि माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली, की झालं, मिटलं.

मावशीनं माझ्या ताटात भाकरी टाकली. मी तुकडा मोडला. नाना माझ्याकडं बघत नव्हते, मुद्दाम. त्यांना ठाऊक होतं का? मी पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं, तर म्हणाले, "दोर सोडायची सवय कुनी लावल्याबिगर लागत न्हाई." पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आता गप्प बसलं तर पत्र मिळतंय. पुढच्या महिन्यात गट मिळतोय. वडील सगळ्या कॅम्पाला सांगतील. सकाळी दोराचं टोक वर आलं तेव्हा वाटली, तेवढीच भीती मला आता या ताटावर वाटत होती, हे ऐकून कुणाला हसू येईल. येऊ दे.

"मी शिकवलं," मी म्हटलं. फार हळू आलं. नाना म्हणाले, "काय?" मग मी मोठ्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. धोंड्यावरचं, विलासच्या पुढं जायचं होतं ते, कपारीवर निवृत्तीभाऊंनी विचारलं तेव्हा मी उत्तर टाळलं ते सुद्धा. विलासनं मान खाली घातली. पुणतांब्याची माणसं खायची थांबली.

"मंग सकाळीच का न्हाई सांगितलं, पोरी?" नानांनी विचारलं.

"पत्र मिळणार नाही म्हणून."

"न्हाईच मिळायचं," नाना म्हणाले. रागावले नाहीत. "पुढल्या हिवाळ्यात ये. पयल्या दिसापासून." आणि मावशीला म्हणाले, "वाढ तिला, उपाशी ऱ्हाईल."

मी त्या जेवणानंतर घरी निघून जायचं ठरवलं होतं, पण शेवटची एसटी गेली होती. रात्रभर पडून होते, सकाळी धोंड्यापाशी गेले ते केवळ सामान आणायला. निवृत्तीच्या गटाचा तो शेवटचा दिवस. नानांनी त्यांना धोंड्यावर एकदा चढू देतो म्हटलं होतं, कालची भीती घेऊन माणूस घरी जाऊ नये म्हणून. मी दोर गुंडाळत होते, तर निवृत्ती पट्टा बांधून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. दोराचं टोक पुढं केलं. "धरा म्याडम. मी चढतो, तुमी वर बसा."

मला घाम फुटला. खरोखर, त्या गारठ्यात. मी नानांकडं बघितलं, ते दुसरीकडं बघत होते, पण जवळ येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "निवृत्तीभाऊ, विलासला सांगा. कुणालाही सांगा. माझ्याच्यानं नाही होणार. मला भीती वाटतेय."

"व्हय," तो म्हणाला, "दिसतंय की. म्हनूनच तुमच्याकडं आलो. परवाच्याला तुमाला वाटत न्हवती."